चंदनाची हद्द

चंदना चौगुलेला एका जागी बसवत नाही, हे तिच्या सासरी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळून चुकलं होतं. घरातले जेवायला बसायचे आणि ही मीठ आणायला उठायची. मीठ झालं की पाणी, पाणी झालं की मागच्या दाराची कडी. तिच्या सासूला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्कानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "ह्या पोरीच्या पायाखाली कुणी इस्तू ठेवलाय का काय?"

चंदना शिरोळच्या पलीकडल्या मळेवाडीची. वडील दुधाच्या किटल्या लावून काळ्या सायकलवरनं गावोगाव फिरायचे. दुपारी ते झोपले की ही नळीखालून पाय घालून तीच सायकल उसाच्या बांधाबांधानं दामटायची. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर मात्र दहा वर्षं सायकलला हात लागला नाही. नवरा महावीर भला माणूस, भांड्यांच्या दुकानाचा मालक, बोलणं कमी. तिला टेलिफोन खात्यात नोकरी होती. कानाला हेडफोन लावून आठ तास ट्रंकच्या बोर्डापुढं बसायचं, आणि बसल्या बसल्या पाय टेबलाखाली सारखे हलत राहायचे.

एक्याण्णव साली एका पहाटे ती ड्यूटीवर निघाली असताना मिरजकर तिकटीवरनं पंधरा-वीस सायकली एका ओळीत गेल्या. कुणी बोलत नव्हतं, नुसत्या चेनचा आवाज. तिनं चौकशी केली. ते रविवार मंडळ. पुढारी बाळासो कांबळे, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर. दुसऱ्या दिवशी ती सरळ त्याच्या घरी गेली.

"मला बी यायचंय," ती म्हणाली.

बाळासोनं तिला वरनं खालवर बघितलं. "वहिनी, ह्या रविवारी पन्हाळा हाय. चढावर कुणासाठी थांबत न्हाय आमी."

"थांबा म्हटलंय कुणी?"

भाड्याच्या सायकलवर ती गेली. वाघबिळाच्या पुढच्या चढाला पोटऱ्यांचे गोळे झाले. शेवटच्या वळणावर तिला उलटी झाली, तीही तिनं मान एका बाजूला करून सायकलवरनंच केली, पण खाली उतरली नाही. वर पोचल्यावर बाळासोनं आपल्या पिशवीतलं केळं तिच्या हातावर ठेवलं आणि मंडळाच्या वहीत तिचं नाव लिहिलं. मंडळात तोवर एकही बाई नव्हती.

त्यानंतरची चौदा वर्षं चंदनाची खरी. विजापूर, बदामी, रत्नागिरी, गोवा. अठ्ठ्याण्णव साली सतरा दिवसांत कन्याकुमारी. जैनाची बाई, सूर्य मावळल्यावर जेवत नाही, म्हणून दौऱ्यात कुठंही असले तरी बाळासो पाचला घड्याळ बघायचा आणि ओरडायचा, "थांबा रे, वहिनींचं जेवान!" मग रस्त्याकडेला बसून सगळेच तिच्याबरोबर जेवायचे. पल्स पोलिओच्या रविवारी मंडळ डोसाच्या पेट्या घेऊन जीप न जाणाऱ्या वाड्यावस्त्यांवर जायचं. शाळाशाळांत पोरांना पंक्चर काढायला शिकवायचं. मधल्या काळात टेलिफोनचे बोर्ड गेले, यंत्रं आली, आणि चंदनाला तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. तिथं तिला आणखीच कोंडल्यासारखं व्हायचं. सोमवारपासून ती रविवारकडं डोळे लावून असायची.

बाळासो कधीमधी तिला बोलवायला घरी यायचा. सोप्यात उभा राहायचा, निरोप सांगायचा, जायचा. चौदा वर्षांत आक्कानं त्याला कधी आत ये म्हटलं नाही आणि त्यानंही कधी पाय पुढं टाकला नाही. चंदनाला ते दिसायचं. ती त्याच्याबरोबर चटकन बाहेर पडायची, म्हणजे तो विषयच निघायचा नाही.

दोन हजार पाचच्या जानेवारीत मंडळ नेसरीमार्गे आंबोलीला निघालं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या महावीरचा डावा हात पडला, तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मंडळाचा मुक्काम नेमका कुठं, हे कोल्हापुरात कुणालाच माहीत नव्हतं. निरोप हिंडत हिंडत चंदनापर्यंत पोचायला दीड दिवस गेला. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून ती परतली, तेव्हा आक्का महावीरच्या खाटेशी बसलेली होती. आक्का तिला काही बोलली नाही. एक शब्द नाही. फक्त उठून तिला बसायला जागा करून दिली.

महावीर वाचला. बोलणं जरा जड झालं, डावा हात कामाला येईना, पण सहा महिन्यांत काठी घेऊन दुकानापर्यंत जायला लागला. त्यानंही कधी बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं चंदनाला वाटायचं. भांडून मोकळं होता आलं असतं.

त्या आषाढात चातुर्मास लागला. शहरात एका आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, मुक्काम होता. बायका नेम घेत होत्या. कुणी हिरवी भाजी सोडली, कुणी एक वेळचं जेवण. चंदना पुढं गेली आणि हात जोडून म्हणाली, "चार महिने हद्द सोडणार नाही." माताजींनी विचारलं, कुठली हद्द? तिनं चारी दिशा सांगितल्या. उत्तरेला शिवाजी पूल, पूर्वेला तावडे हॉटेलचा कोपरा, दक्षिणेला कळंब्याचा तलाव, पश्चिमेला फुलेवाडीचा नाका. दिशांची मर्यादा घालून घ्यायचा नेम जुनाच, नवं काही नव्हतं. पण मागं बसलेल्या आक्कानं मान वर करून सुनेकडं बघितलं.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, "कुणी सांगिटलं हुतं तुला?"

"कुणी न्हाय. माझं मी घेतलं."

"तुला झेपायचं न्हाय ते."

"बघू की."

झेपत नव्हतंच. पहिल्या आठवड्यात ती पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या मारायला लागली. चार-साडेचार किलोमीटरची एक फेरी, अशा पाच, मग सात, मग दहा. त्याच पायऱ्या, तीच झाडं, तीच फिरायला आलेली माणसं. तिसऱ्या फेरीला लोक हसून हात करायचे, सातव्या फेरीला काळजीनं बघायचे. घरी येऊन ती स्वच्छ भांडी पुन्हा घासायची. फुलेवाडीच्या नाक्यावर जाऊन पुढचं चाक थांबवायची आणि गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघत एक पाय टेकून उभी राहायची. एकदा तिच्याकडं बघून महावीर जड जिभेनं म्हणाला, "तू फेऱ्या मारतीस आन् गरगरतंय मला."

जुलै संपता संपता पाऊस लागला तो थांबेना. पंचगंगा पात्राबाहेर पडली, शिवाजी पुलाला पाणी टेकलं, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि ट्रकांच्या रांगा लागल्या. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींचं पाणी गावागावांत शिरलं. मळेवाडीला चंदनाची आई होती आणि भाऊ अतुल होता. फोन लागत नव्हता, टॉवर बंद पडले होते. खात्यातच असल्यानं किती लाइनी मेल्या आहेत हे तिला सगळ्यांच्या आधी कळत होतं. खिडकीवर लोक येऊन रडायचे, "बाई, शिरोळ लावून द्या हो," आणि ती म्हणायची, "लाइन न्हाय." दिवसातनं शंभर वेळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळासो आला. अंगावर प्लास्टिकचा कागद, सोबत कॉलेजात शिकवणारी श्रुती, मंडळातली नवी पोरगी. तो नेहमीसारखा सोप्यात उभा राहिला.

"वहिनी, जयसिंगपूरच्या कॅम्पात साखरंच्या पेशंटांची इंजेक्शनं संपल्यात. हितल्या डॉक्टरांनी बर्फात घालून दिल्यात. गाड्या जाईनात. रेल्वेचा पूल वर हाय, गाडी बंद हाय, सायकली हातात धरून पलीकडं जाता येतंय. रुकडीला उतरायचं, तिथनं हातकणंगल्यावरनं जयसिंगपूर. रुकडीच्या फुडं त्या अंगाला कुठला रस्ता उंचावर हाय, ते आमाला म्हाईत न्हाय." तो थांबला. "तुमचा नेम हाय, म्हाईत हाय मला. नुस्तं कागदावर काढून द्या."

चंदनानं कागद घेतला. दोन रेघा मारल्या. तिसरी मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

"कागदावर न्हाय सांगता यायचं," ती म्हणाली. "बांधाबांधानं जायला लागतंय."

मग तिनं मागं वळून बघितलं. महावीर खुर्चीत होता. आक्का देवघराच्या दारात.

"जा," महावीर म्हणाला. आखूड शब्द तेवढे त्याला नीट यायचे, आणि हा त्यानं अगदी नीट म्हटला.

"आक्का?"

"मला काय इचारतीस?" आक्का म्हणाली. "नेम तू घेटलास. ठेवायचा तुझा तू, मोडायचा बी तुझा तू." आणि ती आत गेली.

तावडे हॉटेलच्या कोपऱ्यावर चंदनानं क्षणभर ब्रेक दाबला. बाळासो आणि श्रुती पुढं गेले. तिनं डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला, पाय पायडलवर ठेवला आणि हद्द ओलांडली. चुकतंय हे तिला कळत होतं. तरी छातीत इतके दिवस कोंडलेलं काहीतरी सुटलं, आणि त्याची तिला त्या पावसातही लाज वाटली.

वळिवड्याच्या पुढं त्यांनी सायकली रुळांवर चढवल्या. पुलावर स्लीपरांच्या मधनं खाली पाणी दिसत होतं. पाणी कसलं, तांबडा चिखलच धावत होता, त्यात झाडं, कडब्याचा ढीग, एक मेलेली म्हैस. कडेच्या अरुंद फळ्यांवरनं एकेकानं जायचं होतं. सायकल खांद्यावर. रेल्वेचा एक गँगमन लाल झेंडी घेऊन उभा होता, तो ओरडला, "खाली बगू नका पावणं! फळी बगा, फळी!" श्रुती मध्यावर थबकली. तिचे पाय उचलेनात.

मागनं चंदना म्हणाली, "श्रुती, माझ्याशी बोल. तुझ्या कॉलेजात किती पोरी सायकलवर येतात?"

"ताई, आत्ता काय विचारताय?"

"सांग की. मोज."

श्रुती नावं घेत घेत पलीकडं गेली. एकवीस पोरींची नावं झाली.

दुपारी जयसिंगपूरला एका शाळेतल्या कॅम्पात त्यांनी इंजेक्शनांचा डबा दिला. डॉक्टरनं बर्फ चाचपून बघितला आणि समाधानानं मान डोलावली. काम झालं होतं. पण परत निघायच्या आधीच बायकांनी चंदनाला घेरलं. ही कोल्हापूरची, टेलिफोनातली, एवढं त्यांना कुठनं तरी कळलं होतं. एकीचा नवरा म्हशींजवळ थांबलेला, एकीची मुलं दुसऱ्या होडीत गेलेली. कोण कुठल्या कॅम्पात आहे, कुणाला पत्ता नव्हता. एका शाळेतल्या माणसांना पाच किलोमीटरवरच्या शाळेत कोण आहे ते माहीत नव्हतं.

चंदनानं मास्तरांकडनं कोरी वही मागितली आणि पहिल्या खोलीपासून नावं लिहायला बसली. नाव, गाव, बरोबर कोण, कोण हरवलंय. संध्याकाळपर्यंत तीनशे नावं झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिघांनी वह्या वाटून घेतल्या आणि कॅम्पाकॅम्पाला निघाले. शिरोळच्या अंगाला जाणारा रस्ता पाण्यात होता, पण उसातनं जाणारा जुना गाडीरस्ता उंचावर होता. चंदना पुढं, मागं बाळासो आणि श्रुती. जिथं चाक फिरेना तिथं सायकल खांद्यावर. एका कॅम्पात ती दारात उभी राहून नावं मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता मागनं कुणीतरी किंचाळायचं, "माझी हाय! माझी हाय ती!" मग त्या माणसाचं नाव उलट दुसऱ्या वहीत लिहायचं आणि पुढं.

तीन दिवस हे चाललं. प्रत्येक कॅम्पात ती आपल्या आईचं नाव शोधत होती आणि मिळत नव्हतं. दुसऱ्यांची आई सापडली की तिला आनंद व्हायचा, आणि लगेच ती पुढच्या कॅम्पाकडं निघायची. ती थांबू शकत नव्हती. बाळासो म्हणाला, "वहिनी, घोटभर दूध घ्या, पाच वाजल्यात," तर उभ्यानंच घेऊन ती पुन्हा टांग टाकायची.

तिसऱ्या दिवशी इचलकरंजीच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात ती वही उघडून वाचायला लागली, तोच आतनं ओळखीचा आवाज आला.

"कोण वराडतंय गं एवढं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पितळी डबा, शेजारी अतुल झोपलेला. चंदना चिखलानं भरलेली तशीच तिच्यापुढं जाऊन बसली.

आईनं तिला ओळखायलाच दोन क्षण घेतले. मग म्हणाली, "एवढ्या पाण्यातनं सायकलवरनं आलीस? आन् घरात नवरा आजारी हाय न्हवं?"

"अव्वा, तुमालाच शोधत हुतो," बाळासोच मधे पडला.

"मला काय हुतंय? घर गेलं, मी हाय की. जा, घरला जा तू." आणि असं म्हणत आईनं तिचा हात जो धरला तो अर्धा तास सोडला नाही. गेल्या कित्येक वर्षांत चंदना अर्धा तास एका जागी बसली असेल तर ती तेवढीच.

पाचव्या दिवशी ती कोल्हापुरात परतली. दारात महावीर काठी टेकून उभा होता. आक्का देवळात गेली होती.

"आक्का रागावल्यात?" तिनं विचारलं.

महावीरनं नाही म्हणून मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागला. "तू गेल्यापासनं... एकदाच जेवतीय. रोज."

चंदना उंबऱ्यावरच बसली. तिनं मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त आक्का आपल्या अंगावर घेत होती, न सांगता.

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी माताजींकडं गेल्या. चंदनानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. हद्द ओलांडताना बरं वाटलं, हेही सांगितलं.

"मोडताना माहीत होतं?"

"होतं."

"मग ते मोडलंच. चांगल्या कामासाठी मोडलं म्हणून मोडलं नाही, असं होत नाही," माताजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी आठ दिवस एक वेळचं जेवण सांगितलं. "आणि उरलेले दिवस?"

"राहते हद्दीत. पण जीव राहत न्हाय, माताजी. खोटं कसं सांगू?"

"पाय राहू देत. जीवाचं पुढं बघू. आणि पुढच्या वर्षी नेम घेशील तेव्हा स्वतःला शिक्षा करायला घेऊ नकोस."

आक्कानं हे ऐकलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मी तुला कवा दोष दिला न्हवता, चंदना."

"तेच तर," चंदना म्हणाली. "आक्का, एकदा तरी बोलायचं हुतं."

आक्कानं बाहेर तोंड फिरवलं. मग म्हणाली, "बरं. मग आता आईक. माझा ल्योक दवाखान्यात पडला हुता आन् तू डोंगरात हुतीस. लई राग आलता मला तुझा. लई." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. चंदनाच्याही डोळ्यांना धारा लागल्या. रिक्षावाल्यानं आरशातनं बघितलं आणि गाडी हळू केली.

पाणी ओसरल्यावर मंडळापुढं वेगळंच काम आलं. शिरोळकडच्या पोरांच्या सायकली आठवडाभर पाण्यात राहिल्या होत्या. चाकं जाम, चेना गंजलेल्या. शाळा सुरू झाल्या, पण चार-पाच किलोमीटरवर जायचं कसं? रविवार मंडळानं तिकडं जायचं ठरवलं, आणि चंदना हद्दीबाहेर जाऊ शकत नव्हती. बाळासोनं सरळ हिशेब केला. वहिनींना तिकडं जाता येत नाही, तर सायकली इकडं येतील. टेम्पो भरभरून सायकली आल्या आणि त्याच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात उतरल्या. एकशे चाळीस सायकली.

प्रत्येक सुट्टीला मंडळ तिथं बसायचं. चंदना रोज कामावरनं सुटून परस्पर जायची, सुटे छर्रे रॉकेलच्या डब्यात घालून खळखळवायची. एका रविवारी दुपारी तिनं मान वर केली तर विहाराच्या दारात आक्का उभी. हातात पिशवी.

"घरात बसून काय करू? तो बी दुकानात," आक्का म्हणाली. "काय करायचं ते सांगा."

बाळासोची बायको विठाबाई धावत गेली आणि तिनं बसायला पाट आणला. आक्कानं घरनं उकळून गाळून आणलेली पाण्याची बाटली शेजारी ठेवली, पदर खोचला आणि चाकाच्या तारा एकेक करून पुसायला घेतल्या. तिनं विठाबाईच्या चहाला नको म्हटलं. पण संध्याकाळी निघताना बाळासोकडं वळून म्हणाली, "उद्या घरला या. आत या. तुमी दारातच हुभं राहतासा."

"येतो की, आक्का," बाळासो म्हणाला, आणि हातातला पाना उगाच पुसत बसला. दुसऱ्या दिवशी तो आला. आतल्या खोलीत बसला, अवघडून, पाटाच्या कडेवर. आक्कानं त्याला बेसनाचा लाडू दिला आणि तो खाईपर्यंत समोर उभी राहिली.

दिवाळीच्या पहाटे देवळात भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढला, चातुर्मास संपला. पाडव्याला मंडळाचे तीसेक जण दुरुस्त केलेल्या सायकलींवर बसून शिरोळला निघाले. उरलेल्या सायकली टेम्पोत, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आक्का आणि महावीर. मळेवाडीच्या शाळेपुढं पोरं रांगेत उभी होती. आपापली सायकल ओळखायला झुंबड उडाली. एक पोरगी नवी चेन बघून म्हणाली, "ही माझी न्हाय, माझी वाजायची." सगळे हसले.

चहापाणी झालं, सत्कार झाले, नारळ फुटले. चंदनाची आई आणि आक्का एका खाटेवर बसून सुनेच्या आणि लेकीच्या तक्रारी एकमेकींना सांगत होत्या. बाळासोनं चंदनाला शोधलं. ती कुठंच दिसेना.

गावाबाहेरच्या वळणावर ती सापडली. एक पाय जमिनीला, एक पायडलवर. समोरचा रस्ता कुरुंदवाडकडं जात होता, त्याच्याही पुढं कर्नाटकात.

"वहिनी, टेम्पो निघायचाय!"

"तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "मी जरा पुलापर्यंत जाऊन येते."

"अवो, पूल लांब हाय!"

"व्हय, म्हाईत हाय," चंदना म्हणाली आणि तिनं जमिनीवरचा पाय उचलला. बाळासो थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग त्यानं टेम्पोवाल्याला हात करून थांबायला सांगितलं, आपली सायकल ओढली आणि तिच्या मागं निघाला.